उचलून नेऊ, काळजी करू नका

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आत्याबरोबर बँकेत गेलो होतो. आत्याला लहानपणी पोलिओ झाला. पूर्वी ती कॅलिपर आणि कुबड्यांवर चालायची. आता खांदे साथ देत नाहीत, म्हणून सात-आठ वर्षांपासून व्हीलचेअर वापरते. घरी शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, शाळांचे ड्रेस. खातं तिचं स्वतःचं, त्यातला पैसाही तिच्या कमाईचा.

बँकेला चार पायऱ्या. मी खालूनच आत आवाज दिला तर शिपाई लगेच बाहेर आला. मागोमाग काउंटरवरची बाई पण आली. "ताई, तुम्ही कशाला त्रास घेता? आम्हीच येतो ना बाहेर." फॉर्म बाहेर आला, पेन बाहेर आलं, थोड्या वेळाने नोटाही बाहेर आल्या. भाजीच्या हातगाडीच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर आत्याने पैसे मोजले आणि पर्समध्ये ठेवले. मी एकदम खूश. परत येताना म्हटलं, "किती चांगली माणसं आहेत ना, आत्या?"

ती म्हणाली, "चांगली आहेतच रे. पण मी किती पैसे काढले ते आज अख्ख्या गल्लीला कळलं. तुझे बाबा पैसे काढतात तेव्हा कोणाला कळतं?"

मला काही बोलता आलं नाही. तो प्रश्न सुट्टी संपली तरी डोक्यातून गेला नाही, म्हणून हा लेख.

मी बुऱ्हाणपूरचा. कॉलेजात आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात दोघा-तिघांनी विचारलं होतं, "मध्य प्रदेशात मराठी बोलतात?" बोलतात. रावेरच्या पुढे महाराष्ट्र संपतो आणि थोड्याच वेळात तापीकाठचं आमचं गाव येतं. घरात मराठी, बाजारात हिंदी, शेजारी उर्दू आणि गुजराती, असं आमचं चालतं. पॉवरलूमचं गाव, केळीचं गाव, दराब्याचं गाव. मुमताज महल १६३१ साली इथेच वारली, हे गाईड लोक सांगतात तसं आम्हीही पाहुण्यांना सांगतो. लोकसंख्या दोन लाखांच्या वर. म्हणजे अगदी खेडं नाही आणि मोठं शहरही नाही. अशा गावात माणसं एकमेकांना ओळखतात. कोणी अडलं तर चार हात पुढे येतात. मी लिहिणार आहे ते त्या चार हातांच्या विरुद्ध नाही. त्या हातांवरच सगळं सोडून आपण काय करायचं टाळलं, त्याबद्दल आहे.

उचलणारा मी

आमच्या घरात एक वाक्य नेहमीचं आहे: "उचलून नेऊ, काळजी करू नका." कोणाचं लग्न असो, बारसं असो, दवाखाना असो, मंदिर असो, समोरचा माणूस फोनवर हेच म्हणतो. मी अकरावीत गेल्यापासून उचलणाऱ्यांत माझा नंबर लागला. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने चुलतभाऊ, मागून अजून कोणीतरी, आणि खुर्चीसकट आत्या वर. मला त्याचा अभिमान वाटायचा. लोक म्हणायचे, "पोरगा गुणी आहे." खरं सांगायचं तर ते ऐकायला मला आवडायचं.

उचलल्या जाणाऱ्या माणसाला काय वाटतं हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं. बँकेच्या त्या दिवसानंतर विचारलं. आत्या मशीनवर बसली होती, सुई ओवता ओवता बोलत होती, त्यामुळे रडारड वगैरे काही नाही. ती म्हणाली, "लग्नात मला चौघे उचलून आणतात तेव्हा नवरीपेक्षा जास्त लोक माझ्याकडे बघतात. आणि उचलणारे सगळे घरचे नसतात. कोण कुठे हात घालतं, साडी कुठे सरकते, मला सगळं कळतं. पण बोलणार काय? ते तर मदत करतायत."

मग म्हणाली, "बाहेर जायचं असलं की मी सकाळपासून पाणी पीत नाही." मी विचारलं, का? तिने माझ्याकडे असं बघितलं की कारण मला आपोआप कळलं. जिथे जाऊ तिथल्या बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा अरुंद असतं, किंवा बाथरूम दोन पायऱ्या वर असतं. तिथे "उचलून नेऊ" म्हणणारे काय करणार?

तिची शाळा कशी सुटली तेही तेव्हाच कळलं. मला वाटायचं तिला अभ्यासाची आवड नसेल. बाबा तिला रोज सायकलवर डबलसीट शाळेत न्यायचे. आठवीपासून वर्ग वरच्या मजल्यावर होता, तर बाबाच तिला पाठीवर घेऊन जिना चढायचे. तिची दहावी झाली आणि त्याच वर्षी बाबांना बाहेरगावी नोकरी लागली. पुढच्या शाळेतही वर्ग वरच. आजोबा म्हणाले, बघू. आजीनेही तेच म्हटलं. त्या 'बघू'लाच आता पस्तीस वर्षं होऊन गेली.

म्हणजे बाबांना नोकरी लागली आणि आत्याची शाळा सुटली. दोष बाबांचा नाही, त्यांनी पाच वर्षं रोज तिला नेलं-आणलं. पण ज्या शिक्षणाला भावाची पाठ लागते ते भावाच्या वेळापत्रकावर चालतं. भाऊ गावाला गेला की ते बंद. त्या शाळेत खालच्या मजल्यावर एक वर्ग रिकामा केला असता, तर माझी आत्या कदाचित शिक्षिका झाली असती. तिचं गणित अजून माझ्यापेक्षा चांगलं आहे. ब्लाउजच्या कापडाचा हिशेब ती तोंडी करते.

मला वाटतं आमच्यासारख्या गावांची गोची इथेच आहे. आम्ही निर्दय नाही, उलट प्रेमळ आहोत. माणसं धावून येतात, काम निघून जातं, म्हणून पायरी कोणालाच खुपत नाही. उचललं की प्रश्न सुटला असं उचलणाऱ्याला वाटतं. ज्याला उचललं त्याच्यासाठी तो प्रश्न उद्या सकाळी परत तिथेच असतो. आणि उद्या सकाळी परत कोणाला तरी विचारायचं, त्याची सवड बघायची, आभार मानायचे. आपण दुकानात वही आणायला जातो तेव्हा कोणाचे आभार मानून निघतो का?

कायदा काय म्हणतो

हे सगळं ऐकल्यावर मी कायदा वाचायला घेतला. वाटलं होतं, कायदाच नसेल. तर तो आहे, आणि चांगला कडक आहे.

पहिला कायदा १९९५ चा. त्याच्या जागी 'दिव्यांगजन अधिकार अधिनियम, २०१६' आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याचं ४४ वं कलम सांगतं की इमारतीचा नकाशा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर बांधकामाची परवानगी द्यायची नाही, आणि इमारत तशी बांधली नसेल तर पूर्णत्वाचा दाखलाही द्यायचा नाही. ४५ वं कलम जुन्या सार्वजनिक इमारतींबद्दल आहे: नियम जाहीर झाल्यापासून ५ वर्षांत त्या सुगम्य करायच्या. ४६ वं कलम सेवा देणाऱ्यांना, मग ते सरकारी असोत की खासगी, २ वर्षांची मुदत देतं. नियम १५ जून २०१७ ला जाहीर झाले. हिशेब करा. सेवा देणाऱ्यांची मुदत जून २०१९ ला संपली, इमारतींची जून २०२२ ला. १६ वं कलम तर थेट आपल्यासाठी आहे. सरकारची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शिक्षणसंस्थेची इमारत आणि आवार सुगम्य असायला हवं. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत दंड, पुन्हा मोडला तर ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत.

मग होत का नाही? एक कारण सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालात सापडलं. राजीव रतुरी हे दृष्टिहीन गृहस्थ. त्यांनी २००५ मध्ये रस्ते, वाहनं आणि इमारती सुगम्य व्हाव्यात म्हणून याचिका केली. ८ नोव्हेंबर २०२४ ला त्यावर मोठा निकाल आला. न्यायालयाने म्हटलं की कायदा सक्तीची भाषा बोलतो, पण २०१७ च्या नियमांतल्या १५ व्या नियमाने जी मानकं लावली ती नुसत्या शिफारशीसारखी आहेत. म्हणून तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सक्तीचे किमान नियम तीन महिन्यांत करा असं केंद्र सरकारला सांगितलं. साध्या भाषेत सांगायचं तर इतकी वर्षं 'करायलाच हवं' याचं 'केलं तर बरं' झालं होतं. आमच्या घरातल्या 'बघू'ची ही सरकारी आवृत्ती म्हणायची.

स्कूटरचा रॅम्प

आता कोणी म्हणेल, लहान गावात ही तंत्रं कोणाला येतात? मी सुट्टीत आमच्या गल्लीत एक चक्कर मारली आणि मोजलं. आमच्याकडे घरापुढे नाली, नालीवर फरशी आणि मग उंच ओटा अशी जुनी पद्धत आहे. गल्लीतल्या बहुतेक घरांपुढे रॅम्प होता. कुठे सिमेंटचा, कुठे लोखंडी पत्र्याचा, कुठे नुसती फळी. कशासाठी? रात्री अॅक्टिव्हा घरात घ्यायला.

म्हणजे चाक पायरी चढत नाही हे प्रत्येक घराला माहीत आहे. गाडीला पायरीची अडचण होते हे कळल्यावर त्याच आठवड्यात वेल्डरला बोलावलं जातं. गाडीला कोणी म्हणत नाही, "उचलून नेऊ, काळजी करू नका."

अर्थात स्कूटरचा रॅम्प व्हीलचेअरला चालत नाही, कारण तो फार उभा असतो. मानक आहे १:१२. म्हणजे १ फूट वर जायचं तर १२ फूट लांब उतार हवा. बँकेच्या त्या चार पायऱ्या साधारण २ फूट भरतील, म्हणजे २४ फुटांचा रॅम्प, सरळ जागा नसेल तर मध्ये वळण घेऊन. दोन्ही बाजूंना कठडा हवा, वळणावर खुर्ची फिरवायला सपाट जागा हवी. बऱ्याच ठिकाणी 'रॅम्प आहे' असं सांगतात तो कागदावरचा असतो. इतका उभा की वर ढकलायला दोन माणसं लागतात, आणि उतरताना खुर्ची सुटली तर थेट रस्त्यावर. काही रॅम्पवर कुंड्या ठेवलेल्या असतात, काहींवर मोटरसायकली. तसा रॅम्प असून नसल्यासारखा.

उतार मोजणं आमच्या गावाला नवीन नाही, हे तर मला जास्त लागतं. बुऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा तुमच्यापैकी काहींनी ऐकला असेल. चारशे वर्षांपूर्वी, १६१५ च्या सुमाराला, अब्दुल रहीम खान-ए-खानान इथे सुभेदार असताना हे काम झालं. हिंदीच्या तासाला आपण ज्याचे दोहे शिकलो तोच हा रहीम. सातपुड्यातून जमिनीत झिरपणारं पाणी भूमिगत बोगद्यांतून, एकमेकांना जोडलेल्या शंभरावर कुंड्यांतून गावाकडे आणलं. पंप नाही, मोटर नाही. फक्त उतार. उतार थोडा जास्त झाला असता तर पाणी माती घेऊन आलं असतं, थोडा कमी झाला असता तर अडून बसलं असतं. त्यांनी तो बरोबर मोजला म्हणून आजही तिथे पाणी वाहतं.

आणि जुन्याचंच कशाला? जुलै २०२२ मध्ये बुऱ्हाणपूर देशातला पहिला प्रमाणित 'हर घर जल' जिल्हा ठरला. खेड्यापाड्यांतल्या एक लाखाहून जास्त घरांत नळ पोचला. आम्हाला सगळ्यांना अभिमान वाटला आणि वाटायलाच हवा. आता तारीख बघा. इमारती सुगम्य करायची कायद्यातली मुदत जून २०२२ ला संपली होती. एका महिन्याच्या अंतरातल्या या दोन गोष्टी. एक काम ठरवून, यादी करून, घर न घर मोजून झालं. दुसऱ्याची यादीच आम्ही कोणी कधी मागितली नाही. पाणी प्रत्येक दारात पोचवणारा जिल्हा माणसाला दारातून आत का पोचवू शकणार नाही?

तिकिटाला सवलत, पायरीला नाही

घरातून बाहेर पडल्यावरचं वेगळंच. आमचं स्टेशन लालबागला, जुन्या गावापासून लांब. ऑटो किंवा ई-रिक्षा करावी लागते. ई-रिक्षाची जमीन खाली असते, बसायला बरी, पण खुर्ची घडी करून मागे दोरीने बांधावी लागते. चांगला रिक्षावाला असला तर बांधून देतो. नसला तर "अम्मा, दूसरी देख लो."

रेल्वेत दिव्यांगांना तिकिटात मोठी सवलत आहे, स्लीपरला आणि थर्ड एसीला ७५ टक्क्यांपर्यंत. पण अस्थिव्यंग प्रवाशाच्या सवलतीची अट वाचा: जो सोबत्याशिवाय प्रवास करू शकत नाही त्याला. सोबत्यालाही तेवढीच सवलत. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, किती विचार केलाय. दुसऱ्यांदा वाचल्यावर वाटलं, म्हणजे उचलणारा माणूस बरोबर असणारच हे नियमानेच धरून चाललंय. डब्याची जमीन रुळापासून साधारण सव्वा मीटरवर असते आणि उंच फलाटसुद्धा पाऊण मीटरच्या आसपास. मधली उंची पायऱ्यांनी चढायची. दिव्यांगांच्या डब्याचं दार रुंद असतं, आत जागा असते, पण त्या रुंद दारापर्यंत चढायचं कसं? दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात चढवणार कोण? तोच आपला सोबती. सवलत तिकिटाला मिळते, पायरीला मिळत नाही.

बसचं तर विचारू नका. मध्य प्रदेशचं सरकारी परिवहन महामंडळ बंद पडून वीसेक वर्षं झाली. तेव्हापासून खासगी बस. महाराष्ट्रातून येणाऱ्या एसटीत दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आणि राखीव सीट तरी आहे. पण पायऱ्या दोन्हींच्या गुडघ्याएवढ्या. आत्या गेल्या कित्येक वर्षांत बसमध्ये बसलेली नाही.

इथे मात्र एक संधी आहे. एप्रिल २०२५ मध्ये मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाने 'मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा' मंजूर केली. सरकारच्या देखरेखीखाली नव्याने बससेवा उभी करायची. नावातच 'सुगम' आहे. माझं म्हणणं इतकंच की ते नाव बसच्या दारापर्यंत यावं. गावातल्या मार्गांवर खालच्या जमिनीच्या बस, दारात उघडणारी फळी, खुर्ची अडकवायला आत जागा, आणि बसथांबा असा की बस त्याला लागून उभी राहील. बस विकत घ्यायच्या आधी हे लिहून घेतलं तर होतं. नंतर बदलायला गेलं की 'बजेट नाही' हे उत्तर तयार असतं.

"असे कितीसे लोक आहेत?"

माझ्या एका मित्राने हा प्रश्न विचारला. वाईट मनाने नाही, सहज. तो म्हणाला, "गावात व्हीलचेअरवाले दिसतात किती? चार-पाच. त्यांच्यासाठी सगळ्या इमारती फोडायच्या?"

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले. मध्य प्रदेशात साडेपंधरा लाख. ते दिसत नाहीत, कारण ते घरात आहेत. आणि घरात का आहेत, तर बाहेर पायऱ्या आहेत. नदीवर पूल नाही म्हणून पलीकडे कोणी जात नाही, आणि कोणी जात नाही म्हणून पूल नको, असं म्हणण्यासारखं आहे ते. शिवाय रॅम्प फक्त चाकाच्या खुर्चीचा नसतो. आमच्याकडे आयुष्यभर लूमवर उभं राहिलेली माणसं साठीत गुडघे धरून बसतात. पोटुशी बाई, पाय मोडलेला क्रिकेटर, नातवाला बाबागाडीतून फिरवणारी आजी, सगळे त्याच उतारावरून जातील. मी रॅम्पवरच बोलतोय, कारण मी तेवढंच जवळून पाहिलं. ज्याला दिसत नाही त्याला फलाटाच्या कडेच्या खडबडीत फरश्या हव्या, ज्याला ऐकू येत नाही त्याला घोषणा लिहिलेली हवी. त्यांच्याबद्दल त्यांनी लिहिलेलं मला वाचायला आवडेल.

दुसरी शंका जास्त खरी आहे. गाव जुनं, गल्ल्या अरुंद, दरवाजे ऐतिहासिक. सगळीकडे १:१२ बसणार नाही. मान्य. पण सगळीकडे होणार नाही म्हणून कुठेच करायचं नाही, हे काही उत्तर नाही. जानेवारी २००१ मध्ये शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीला आले होते. त्यांना कुतुबमिनार, हुमायूनची कबर अशी ठिकाणं पाहायची होती. तेव्हा पुरातत्त्व खात्याने तिथे लाकडी रॅम्प बसवले. दगडाला धक्का न लावता, थोड्या दिवसांत. म्हणजे जुन्या वास्तूतही जमतं, कोण येणार आहे ते महत्त्वाचं ठरतं. आमच्याकडे हॉकिंग येणार नाहीत. माझी आत्या येईल. तिच्यासाठी एक लाकडी फळी, खालच्या मजल्यावर एक काउंटर, एक रुंद दाराचं बाथरूम, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.

छप्पर आणि दार

आपल्या कॉलेजच्या सकाळच्या प्रार्थनेत एकदा मार्ककृत शुभवर्तमानातली ती गोष्ट वाचली गेली होती. कफर्णहूमात येशू एका घरात बोलत होता. चौघांनी एका पक्षाघाती माणसाला बाजेवर उचलून आणलं. दाराशी इतकी गर्दी की आत जाता येईना. मग ते छपरावर चढले, छप्पर उघडलं आणि बाज खाली सोडली. पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला ती चौघांची गोष्ट वाटली. मी स्वतःला त्या चौघांत धरलं होतं, हे कबूल करतो.

आता ती गोष्ट मला वेगळी दिसते. छप्पर का फोडावं लागलं? दारातून कोणी बाजूला झालं नाही म्हणून. त्या गर्दीत वाईट माणसं नव्हती, सगळे चांगलं ऐकायला आलेले होते. तरी एकानेही वाट दिली नाही. आणि गोष्टीचा शेवट आपण विसरतो. तो माणूस उठतो, आपली बाज आपणच उचलतो आणि सगळ्यांच्या समोरून दारातून चालत निघून जातो. चौघांनी त्याला परत उचलून नेलं असं तिथे नाही. चमत्कार आपल्या हातात नाहीत. दार आपल्या हातात आहे.

म्हणून आता आपल्याबद्दल. आपल्या वाङ्मय मंडळाचे कार्यक्रम वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये होतात. लिफ्ट नाही. मागच्या वर्षी कविसंमेलनाच्या पोस्टरवर आपण 'सर्वांचे स्वागत' लिहिलं होतं. पोस्टर मीच केलं होतं. नसीमा हुरजूक यांचं 'चाकाची खुर्ची' आपल्या वाचनकट्ट्यावर चर्चेला घ्यावं असं मी सुचवणार आहे. कमरेखालचं शरीर ऐन किशोरवयात लुळं पडल्यावर नोकरी करून, पुढे १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' उभी करणाऱ्या बाईचं हे आत्मकथन आहे. पण त्याची चर्चा वरच्या मजल्यावर ठेवली तर ती कशी दिसेल, सांगा बरं.

माझ्या तीन सूचना आहेत. एक, मंडळाचे सगळे कार्यक्रम या सत्रापासून तळमजल्यावर घ्यावेत, हॉल लहान असला तरी. दोन, सुट्टीत घरी जाणाऱ्या प्रत्येकाने टेप घेऊन आपल्या गावातल्या पाच जागा मोजाव्यात: शाळा, दवाखाना, बँक, वाचनालय, बसस्टँड. पायऱ्या किती, दार किती रुंद, रॅम्प असल्यास किती लांब, बाथरूमला जाता येतं का. 'सुगम्य भारत' नावाचं सरकारी अॅप २०२१ पासून आहे, त्यावर फोटोसकट तक्रार करता येते. राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडे लेखी अर्ज करता येतो. तीन, आणि ही सगळ्यात महत्त्वाची: मोजायला जाताना ज्याला ती पायरी अडते त्याला बरोबर घ्या. त्याला काय हवं ते त्याला विचारा. मी इतकी वर्षं उचलत होतो आणि विचारलं नव्हतं.

कोणी अडलं तर हात द्यायचा, तो मी यापुढेही देईन. पण आधी विचारीन, आणि त्यानंतर ती पायरी काढायच्या मागे लागेन.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी आत्याने बँकेच्या मॅनेजरला अर्ज लिहिला. स्वच्छ अक्षरात, कायद्याच्या कलमांसकट, पायऱ्यांच्या मापांसकट. बाजूच्या गल्लीतल्या दाराला एकच पायरी आहे आणि तिथे बारा इंचांहून कमी चढ आहे, हेही तिनेच शोधून काढलं होतं. आम्ही दोघं गेलो. ती खाली थांबली, मी अर्ज घेऊन आत गेलो, पोच घेतली आणि बाहेर आलो. तिने पोच नीट वाचली, घडी करून पर्समध्ये ठेवली आणि म्हणाली, "पायऱ्या नकोत म्हणून अर्ज, आणि तो द्यायला तुलाच पायऱ्या चढाव्या लागल्या. पुढचा अर्ज मी देईन. त्या बाजूच्या दाराने."